चार वर्षं बेसिन मॉडेलिंग सॉफ्टवेअर वापरून: एका व्हिट्रिनाइटवालीचा अभिप्राय

मी अकरा वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली व्हिट्रिनाइट मोजलं, म्हणजे गाळाच्या खडकात अडकलेले प्राचीन वनस्पतींचे कण; खडक जितका जास्त तापलेला, तितका त्यांच्यावरून जास्त प्रकाश परत येतो. विहिरीतून वर आलेला खडकाचा चुरा रेझिनमध्ये बसवायचा, घासून आरशासारखा गुळगुळीत करायचा आणि मग तेलाच्या थेंबाखाली एकेक कण हुडकून त्यावरून ५४६ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश किती परत येतो ते टिपायचं. एका नमुन्यासाठी पन्नास ते शंभर वाचनं. संध्याकाळी हाती एक आकडा उरायचा, समजा ०.६२ टक्के. तो अहवालात जायचा. पुढे त्याचं काय होतं ते मला कधी दिसलं नाही.

चार वर्षांपूर्वी मी तेलशोधाच्या विभागात आले आणि तो आकडा एका आलेखावरचा ठिपका होऊन समोर आला. आलेख बेसिन मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमधला होता, म्हणजे गाळाचं खोरं कसं भरत आणि तापत गेलं आणि त्यात तेल कधी बनलं याचं गणित मांडणाऱ्या सॉफ्टवेअरमधला. तेव्हापासून ते सॉफ्टवेअर मी जवळजवळ रोज वापरते आहे: एकमितीय, द्विमितीय आणि त्रिमितीय, तिन्ही भाग. त्याचं नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारी आहेत आणि त्यातल्या बहुतेक या जातीच्या इतर पॅकेजांनाही लागू पडतात. इतर दोन पॅकेजांवर मी थोडं काम केलं आहे, त्यावरून हे सांगते. आम्ही काम करतो त्या खोऱ्याचं नावही देता येणार नाही. सॉफ्टवेअर घ्यायचं की नाही, आणि घेतलं तर त्याच्या कुठल्या उत्तरावर किती विसंबायचं, हे ठरवायला हा अभिप्राय उपयोगी पडावा एवढीच इच्छा आहे.

नवं मॉडेल उघडलं की पहिल्यांदा समोर येतो तो एक साधा तक्ता. खालपासून वरपर्यंत थर, प्रत्येकाची आजची खोली, तो साचायला कधी सुरुवात झाली आणि कधी संपली, कुठला खडक, आणि तेलाच्या गोष्टीत त्याची भूमिका काय: ज्यात तेल बनतं तो स्रोतखडक, ते जिथे साठतं तो साठ्याचा खडक, ते अडवणारं वरचं झाकण की नुसता भार. मधेच एखादी ओळ अशी असते की तिथे आज खडकच नाही. एके काळी होता, झिजून गेला. त्या ओळीत तुम्हाला लिहावं लागतं, किती मीटर होता आणि कधी गेला. मला हा तक्ता या सॉफ्टवेअरमधली सगळ्यात मोलाची जागा वाटते. बैठकीत आपण ‘थोडीफार झीज झाली असावी’ असं म्हणून पुढे जातो; इथे ‘थोडीफार’ लिहायची सोय नाही. चारशे लिहा नाहीतर बाराशे लिहा, आणि मग त्याचे परिणाम बघा.

तक्ता भरून झाला की सॉफ्टवेअर काळ उलटा फिरवतं. एकेक थर वरून काढत जातं आणि खालचे थर पुन्हा फुगवतं. याच्या मुळाशी ॲथीने १९३० साली मांडलेला नियम आहे: खोली वाढते तशी सच्छिद्रता घातांकी वेगाने घटते. ताज्या चिखलात सत्तर टक्के पोकळी असते, ती पाण्याने भरलेली. तीनेक किलोमीटर खाली गाडला गेल्यावर ती दहा टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे आज शंभर मीटर जाडीचा जो शेल दिसतो त्यात नव्वद मीटर घन पदार्थ आहे. तोच साचला तेव्हा तीनशे मीटरचा होता. हे गणित मला कॉलेजपासून पाठ आहे. तरीही पडद्यावर खोरं पहिल्यांदा उलगडताना पाहिलं तेव्हा मी ते चित्र चार वेळा मागे-पुढे केलं. आज जिथे उंचवटा आहे तिथे सहा कोटी वर्षांपूर्वी उतार होता हे नकाशावरून कळत नाही, इथे कळतं. हा भाग सॉफ्टवेअर चोख करतं. वेगवान आहे, आणि थर एकमेकांना छेदत असतील तर कुठल्या ओळीत घोटाळा आहे तेही नीट सांगतं.

मग उष्णता. तळाशी किती उष्णता वर येते आणि माथ्यावर तापमान किती, या दोन सीमा आपण द्यायच्या. मधल्या खडकांची उष्णतावाहकता सॉफ्टवेअर थरांच्या प्रकारावरून आणि सच्छिद्रतेवरून काढतं. माथ्यासाठी चांगली सोय आहे: अक्षांश आणि त्या त्या काळची पाण्याची खोली दिली की समुद्रतळाचं प्राचीन तापमान ते स्वतः सुचवतं. तळाच्या उष्णतेसाठी मॅकेंझीचं १९७८ सालचं ताणाचं प्रारूप आत बसवलेलं आहे. कवच किती ताणलं गेलं ते सांगा. ताण चालू असताना उष्णतेची लाट येते आणि मग कोट्यवधी वर्षं ती हळूहळू ओसरत जाते, तो वक्र तयार मिळतो. ताणाने जन्मलेल्या खोऱ्यांसाठी हे उत्तम. पर्वतरांगेच्या पायथ्याशी वाकून तयार झालेल्या खोऱ्याला मात्र तेच प्रारूप लावलेलं मी पाहिलं आहे, आणि सॉफ्टवेअरने हूं की चूं केलं नाही. तिथे एखादी सूचना यायला हवी.

उष्णतेच्या भागात नवख्याने एक प्रयोग आवर्जून करावा. दोन किलोमीटरचा शेलचा थर घ्या आणि त्याच्या जागी मीठ टाका. शेलची वाहकता साधारण १.५ वॉट प्रति मीटर केल्विन धरली आणि खालून येणारी उष्णता चौरस मीटरला ६० मिलीवॉट धरली, तर त्या थरातून जाताना तापमान ८० अंशांनी वाढतं. मिठाची वाहकता ५ च्या आसपास; त्याच दोन किलोमीटरांत वाढ फक्त २४ अंशांची. मीठ धुराड्यासारखं उष्णता वर ओढून नेतं आणि खालचे खडक थंड राहतात. ब्राझीलच्या सांतोस खोऱ्यात २००६ साली तुपीचा मोठा साठा सापडला तो साधारण दोन किलोमीटर मिठाखाली. अशा खोऱ्यांत मिठाखालच्या स्रोतखडकाचं तापमान नुसत्या खोलीवरून सांगायला गेलं तर उत्तर चुकणारच. हातच्या हिशेबाने स्थिर स्थितीचं उत्तर निघतं. मीठ सरकत असताना, कुठे फुगत आणि कुठे पातळ होत असताना काय झालं ते काढायला मात्र सॉफ्टवेअरच लागतं. या कामात मी त्याला पाचपैकी पाच देईन.

तापमानाचा इतिहास मिळाला की स्रोतखडक किती शिजला ते काढायचं. लोपातिनने १९७१ मध्ये साधा नियम वापरला होता: दर दहा अंशांना वेग दुप्पट. आता अऱ्हेनियसच्या (तापमानावरून रासायनिक प्रक्रियेचा वेग सांगणाऱ्या) समीकरणावर आधारलेल्या अनेक समांतर प्रक्रिया धरतात, आणि व्हिट्रिनाइटसाठी स्वीनी आणि बर्नहॅम यांची १९९० सालची पद्धत बहुतेक सगळीकडे आधीपासून निवडलेली असते. ०.६ टक्क्यांच्या आसपास तेल बनू लागतं, १.३ च्या पुढे ते सरतं, २ पर्यंत ओला वायू, मग कोरडा. परिपक्वतेचा हा भाग भरवशाचा आहे.

स्रोतखडकातून प्रत्यक्ष तेल कधी सुटलं यासाठी मात्र त्या खडकाच्या केरोजेनची (तापल्यावर ज्यापासून तेल बनतं त्या सेंद्रिय पदार्थाची) गतिकी, म्हणजे कुठल्या तापमानाला तो किती वेगाने तेल सोडतो ते, निवडावी लागते, आणि इथे माझी पहिली मोठी तक्रार आहे. यादी उघडते, तिच्यात जगभरच्या स्रोतखडकांवर केलेल्या प्रयोगांचे डझनावारी संच आहेत, आणि एक आधीच निवडलेला आहे. कुणी हात लावला नाही तर तोच राहतो. गंधकाने समृद्ध केरोजेन इतरांच्या मानाने कितीतरी कमी तापमानाला तेल सोडू लागतं. सरोवरात साचलेलं शैवाली केरोजेन उशिरापर्यंत तग धरतं आणि मग अरुंद तापमानपट्ट्यात भराभर मोकळं होतं. म्हणजे या एका निवडीने तेल सुटण्याचा काळ कोट्यवधी वर्षांनी मागे-पुढे होऊ शकतो, आणि सापळा, म्हणजे तेल अडकून राहील अशी खडकांची रचना, त्याआधी तयार झाला की नंतर, हे त्यावरच ठरतं. एवढी महत्त्वाची जागा सॉफ्टवेअरने कोरी ठेवायला हवी होती. कोरी असती तर माणूस थांबला असता, रॉक-इव्हॅलचे (खडक तापवून करायच्या चाचणीचे) आकडे काढून हायड्रोजन इंडेक्स, म्हणजे केरोजेन हायड्रोजनने किती समृद्ध आहे ते, पाहिला असता, प्रयोगशाळेत फोन केला असता. भरलेली जागा बघून कुणी थांबत नाही.

आता ठिपक्यांकडे येते. या विषयावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

मॉडेल बरोबर आहे की नाही ते पडताळायची खिडकी अशी असते: उभ्या अक्षावर खोली, आडव्या अक्षावर तापमान किंवा व्हिट्रिनाइटचं परावर्तन. मॉडेलची रेघ आणि विहिरीत मोजलेले ठिपके. रेघ ठिपक्यांतून गेली की मॉडेल ‘बसलं’. कोपऱ्यात सरासरी तफावतीचा आकडा येतो, तो ठरावीक मर्यादेत असला की हिरवा दिसतो. खिडकी देखणी आहे, उष्णतेचा आकडा सरकवला की रेघ तिथल्या तिथे हलते, आणि हे करत बसायला मजा येते हे मी मान्य करते.

तापमानाच्या ठिपक्यांची बाजू बरी आहे. विहिरीच्या तळाशी मोजलेलं तापमान खरं नसतं, कारण खोदताना फिरवलेल्या थंड मडने (खोदकामाच्या चिखलासारख्या द्रवाने) भोवतीचा खडक गार झालेला असतो. खोदकाम थांबल्यावर किती तासांनी मोजलं ते ठाऊक असेल आणि दोन-तीन लागोपाठची वाचनं असतील, तर हॉर्नरच्या पद्धतीने खऱ्या तापमानाचा अंदाज निघतो. सॉफ्टवेअरमध्ये कच्चं आणि दुरुस्त तापमान वेगळ्या खुणांनी दाखवता येतं आणि चुकीची पट्टीही काढता येते. चांगली सोय. मी तिथे नेहमी पट्टी लावते.

व्हिट्रिनाइटच्या ठिपक्याला अशी काही सोय नाही. खोली टाका, आकडा टाका, ठिपका उमटतो. सगळे ठिपके एकाच मापाचे. ठिपक्यामागे काय असतं ते मला माहीत आहे. वरच्या थरातला चुरा विहिरीत ढासळून खालच्या नमुन्यात मिसळलेला असू शकतो. मग आकडा खाली येतो. जुन्या खडकातले कण वाहून येऊन नव्या गाळात बसलेले असू शकतात; मग आकडा वर जातो. मडमध्ये लिग्नाइट घातलेलं असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली तोही व्हिट्रिनाइटसारखाच दिसतो, आणि त्याचा आकडा अगदी लहान. आणि हायड्रोजनने समृद्ध अशा खडकात, म्हणजे नेमक्या उत्तम स्रोतखडकात, व्हिट्रिनाइटचं परावर्तन दबलेलं असतं; खडक शिजलेला असतो त्याहून कच्चा दिसतो. ज्याने मोजलं त्याला हे बहुतेक वेळा कळतं आणि तो शेऱ्यात लिहितो. तो शेरा या सॉफ्टवेअरच्या दारातून आत येत नाही.

याचा प्रत्यय दुसऱ्या वर्षी आला. आमच्या खोऱ्याच्या कडेला एक जुनी विहीर होती, नऊ व्हिट्रिनाइट नमुन्यांची. माझ्या तरुण सहकाऱ्याने तिच्यावरून एकमितीय मॉडेल बसवलं आणि मला बोलावलं.

“मॅडम, कॅलिब्रेशन बसलं. तफावत ०.०४.”

रेघ खरोखरच नऊ ठिपक्यांच्या मधून जात होती. पण वरचे सहा ठिपके रेघेच्या उजवीकडे होते आणि खालचे तीन डावीकडे. शेवटचे तीन तर त्यांच्या वरच्या ठिपक्यापेक्षाही लहान: वर कोळशाळ शेलमध्ये ०.५८, आणि दीडशे मीटर खाली स्रोतखडकात ०.४७. खडक खाली जाताना कच्चा कसा होईल?

“हे खालचे तीन कुठून आले?” मी विचारलं.

“जुन्या अहवालातल्या तक्त्यातून. सगळे नऊ तिथलेच आहेत.”

“तक्ता राहू दे. पानामागचे आलेख काढ.”

अहवालाच्या शेवटी प्रत्येक नमुन्याचा स्तंभालेख होता. वरच्या सहा नमुन्यांत प्रत्येकी साठाच्या वर वाचनं, एकच नीटस टेकडी. खालच्या तिनांत अनुक्रमे चौदा, नऊ आणि अकरा. शेजारी कुणीतरी टिपून ठेवलं होतं की खडक बिट्युमेनने (डांबरासारख्या पदार्थाने) माखलेला आहे आणि परावर्तन दबलेलं असण्याची शक्यता आहे. ज्याने ते लिहिलं त्याला मी ओळखत नाही, पण त्याने केलेलं काम मला पूर्ण ओळखीचं आहे. त्याने इशारा दिला होता. तक्त्यात तो उतरला नाही, आणि तक्त्यातून सॉफ्टवेअरमध्ये तर येऊच शकत नव्हता.

आम्ही ते तीन ठिपके बाजूला काढले. उरलेल्या सहांतून रेघ जाण्यासाठी तळाची उष्णता चौरस मीटरला ४८ मिलीवॉटवरून ५७ वर न्यावी लागली. मग हॉर्नरने दुरुस्त केलेलं तापमान ताडून पाहिलं. ५७ ला मॉडेलचं तापमान त्याच्याशी जुळत होतं, ४८ ला कमी पडत होतं. आधीच्या मॉडेलमध्ये सहकाऱ्याने तापमानाचे ठिपके ‘सगळेच थोडे जास्त दिसतात’ म्हणून सोडून दिले होते. त्याची चूक म्हणून मी हे सांगत नाही. हिरवा आकडा समोर असताना कुणीही हेच केलं असतं. नवा आकडा त्रिमितीय मॉडेलमध्ये घातला तेव्हा शेजारच्या खोलगट भागातला स्रोतखडक, जो आधी जेमतेम तेलाच्या उंबरठ्यावर दिसत होता, तो भर तेलनिर्मितीत निघाला. त्या भागाचं सर्वेक्षण बंद करण्याची शिफारस आदल्या महिन्यात जवळपास तयार झाली होती.

म्हणून ही या अभिप्रायातली मुख्य मागणी: ठिपक्याला वाचनांची संख्या जोडता आली पाहिजे, प्रमाण विचलन जोडता आलं पाहिजे, शेरा जोडता आला पाहिजे, आणि शंभर वाचनांचा ठिपका नऊ वाचनांच्या ठिपक्यापेक्षा डोळ्यांना वेगळा दिसला पाहिजे. तफावत काढतानाही त्यांचं वजन वेगळं हवं. हे करायला अवघड काही नाही. तापमानासाठी त्यांनी केलंच आहे.

झिजेच्या ओळीबद्दल वर लिहिलं, पण तिथे अजून थोडं थांबायला हवं. बॅरंट्स समुद्रात नवजीव महाकल्पात जमीन उचलली गेली आणि ठिकठिकाणी एक ते तीन किलोमीटर खडक झिजून गेला, शेवटचा बराचसा हिमनद्यांनी. तिथले खडक आजच्या खोलीच्या मानाने फार जास्त शिजलेले दिसतात, कारण ते एकदा कितीतरी खोल होते. वर आल्यावर ते गार झाले आणि तेल बनणं थांबलं. दाब उतरल्यावर वायू फुगला, त्याने सापळ्यातलं तेल बाहेर ढकललं, काही झाकणं फुटली. १९८४ साली सापडलेल्या स्नोव्हिटमध्ये वायूखाली तेलाचा पातळसाच थर आहे, आणि त्याच्याही खाली तेलाच्या खुणा आहेत. अशा खोऱ्यात झिजेच्या ओळीत शून्य ठेवलं तर मॉडेल आजची परिपक्वता जुळवण्यासाठी उष्णता अवास्तव वाढवायला लावतं आणि वर ‘तेल आजही बनतंय’ असं सांगतं. दोन्ही उत्तरांत ठिपके जुळतात! झिजेचा आकडा शेलमधल्या ध्वनीच्या वेगावरून काढा, विसंगतीच्या, म्हणजे झीज झालेल्या पृष्ठभागाच्या, वर आणि खाली व्हिट्रिनाइटमध्ये किती उडी आहे ते बघा, जमलं तर ॲपटाइट या खनिजात युरेनियमच्या विभाजनाने उमटलेल्या सूक्ष्म रेषांचा अभ्यास करून घ्या. साधारण ६० ते ११० अंशांच्या पट्ट्यातून खडक कधी गार होत गेला ते त्यावरून कळतं. सॉफ्टवेअर या तिन्ही गोष्टी मॉडेलशी ताडून बघू देतं. ॲपटाइटचा भाग आम्ही पहिली दीड वर्षं उघडलाच नव्हता, तो उघडा.

या सगळ्यातून जे निघतं त्यात मला सगळ्यात प्रिय आहे ते एका पानाचं घटनाचित्र. मगून आणि डाऊ यांनी १९९४ मध्ये पेट्रोलियम सिस्टिमची (स्रोतखडकापासून सापळ्यापर्यंतच्या साखळीची) मांडणी करताना ते रूढ केलं: वर काळाची पट्टी, खाली आडव्या रांगा, स्रोतखडक कधी साचला, झाकण कधी बसलं, सापळा कधी घडला, तेल कधी सुटलं. सापळ्याची पट्टी तेलाच्या पट्टीच्या उजवीकडे गेली की समजायचं, गाडी निघून गेल्यावर फलाट बांधला. विहीर खणायची की नाही या बैठकीत मी त्रिमितीय चलच्चित्र दाखवत नाही, हे पान दाखवते. सॉफ्टवेअर ते मॉडेलमधून आपोआप काढतं आणि मॉडेल बदललं की पानही बदलतं. हातात घेऊन भांडता येतं असं पान आहे ते.

तेल सापळ्यापर्यंत कसं पोचलं, याबाबत मात्र मी सावध करते. वाट काढायच्या तीन पद्धती दिल्या आहेत: सच्छिद्र खडकातल्या प्रवाहाच्या डार्सीच्या नियमाने पूर्ण प्रवाह सोडवायचा, झाकणाखालच्या उतारावरून वाटा आखायच्या, किंवा केशिकादाबाच्या हिशेबाने तेलाला सगळ्यात सोप्या छिद्रातून पुढे सरकू द्यायचं. आमचं त्रिमितीय मॉडेल वाटा आखण्याच्या पद्धतीने रात्रभरात संपतं, डार्सीने तीन दिवस घेतं. एकाच मॉडेलवर दोन पद्धती चालवल्या तेव्हा सात सापळ्यांपैकी चार दोन्हींत भरले आणि तीन वेगळे निघाले. मग मॉडेलच्या जाळीतल्या एकेका घराची चौकट एक किलोमीटरवरून पाचशे मीटरवर आणली तर आणखी एक छोटा सापळा जिवंत झाला. मोठ्या चौकटीत त्याचा माथाच सपाट झाला होता. फॉल्ट (खडकातला भंग) तेलाला उघडा की बंद हे प्रत्येक कालखंडासाठी आपणच सांगायचं असतं, आणि ते सांगण्यापुरती माहिती माझ्याकडे क्वचितच असते. एवढं असूनही शेवटी प्रत्येक सापळ्यापुढे दशकोटी बॅरलचा आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत छापून येतो. तो आकडा अहवालात तसाच चिकटवू नका. मी तो रकाना लपवून ठेवते आणि ‘भरतो’, ‘कधीकधी भरतो’, ‘भरत नाही’ अशा तीनच नोंदी करते.

अलास्काच्या उत्तरेला बोफर्ट समुद्रात १९८३ साली मुकलुकची विहीर कोरडी निघाली. सापळा प्रचंड होता, वालुकाश्म होता, आणि त्यात तेलाचे डागही होते. तेल एकदा तिथे होतं, पुढे निघून गेलं. मॉडेलने अशा गोष्टीचा अंदाज द्यायचा तर भरण्याबरोबर गळतीही मोजायला हवी, आणि गळतीच्या बाबतीत आमचं सॉफ्टवेअर कच्चं आहे. झाकणाची ताकद एका आकड्यात द्यावी लागते. प्रत्यक्षात तीच झाकणाची शेल उतारावर बदलते, उचलली गेल्यावर ठिसूळ होते. याउलट तेल जिवाणूंनी बिघडवलं असेल का, हे ते बऱ्यापैकी सांगतं: साठ्याचं तापमान ८० अंशांच्या खाली असताना तेल आलं तर जड होण्याचा धोका, आधी खोल तापून जिवाणू मेले असतील तर तो कमी. तापमानाचा इतिहास चांगला असल्यामुळे हे उत्तरही चांगलं येतं.

अनिश्चिततेचा भाग विकत घेताना वेगळा घ्यावा लागतो आणि बरेच जण तो टाळतात. टाळू नका. एकमितीय मॉडेलमध्ये उष्णता, झीज आणि गतिकी यांना पल्ले देऊन हजारभर वेळा चालवलं की पंधरा मिनिटांत कळतं की उत्तर कशाने सगळ्यात जास्त हलतं. आमच्या खोऱ्यात ते झिजेने हलतं, उष्णतेने त्याच्या निम्मंच. हे कळल्यावर पुढचा खर्च कुठे करायचा ते आपोआप ठरलं: नव्या सिस्मिक रेघांऐवजी जुन्या विहिरींच्या चुऱ्यावर ॲपटाइटचं काम. त्रिमितीयमध्ये हजार वेळा चालवणं वेळेत बसत नाही. तिथे मी झिजेचे तीन आकडे, उष्णतेचे तीन आणि गतिकीचे दोन घेऊन अठरा मॉडेलं चालवते. सॉफ्टवेअरमध्ये ही अठरा एका फटक्यात रांगेत लावायची सोय आहे, पण निकाल शेजारी शेजारी ठेवून बघायची नाही. अठरा खिडक्या उघडाव्या लागतात.

बाकी किरकोळ. नकाशे आत घेताना निर्देशांकांची पद्धत जुळली नाही तर ते निमूटपणे चुकीच्या जागी बसवतं, तेव्हा पहिला नकाशा विहिरीच्या जागेवरून तपासाच. तक्त्यात केलेला बदल मागे घेता येतो, पण मॉडेल एकदा चालवल्यावर नाही. मदतपुस्तिका चांगली लिहिली आहे, प्रत्येक समीकरण उलगडून दिलं आहे. प्रशिक्षण पाच दिवसांचं होतं, शिकवणारी बाई अतिशय तयारीची होती. पण त्यात तयार, जुळणारे आकडे वापरले. एक दिवस तरी बिघडलेल्या आकड्यांवर द्यायला हवा.

एकमितीय भाग प्रत्येक शोधगटाने घ्यावा, अगदी एकच विहीर हाताशी असली तरी. त्रिमितीय भाग तेव्हाच, जेव्हा गटात त्याला पूर्ण वेळ देणारा माणूस आहे आणि त्याच्या शेजारी बसणारा भूरसायनतज्ज्ञ आहे. नवं खोरं, विहीर एकही नाही, अशा वेळीही ते उपयोगी पडतं: तेव्हा उत्तर मिळत नाही, पण कुठली माहिती आधी गोळा करायची ते समजतं. भूतापीय ऊर्जेवर काम करणारे माझे दोन परिचित हेच सॉफ्टवेअर फक्त तापमानासाठी वापरतात आणि समाधानी आहेत.

ठिपक्यांबद्दलची मागणी मी निर्मात्यांना दोनदा लेखी पाठवली. दुसऱ्या वेळी त्यांच्याकडून फोन आला, नीट ऐकून घेतलं, पुढच्या आवृत्तीसाठी नोंदवलं असं सांगितलं. तोवर आम्ही एक वाट काढली आहे. नमुन्याच्या नावाचा रकाना आलेखावर ठिपक्याशेजारी छापला जातो. त्या रकान्यात आम्ही नावाच्या जागी वाचनांची संख्या लिहितो, आणि शंका असेल तर पुढे एक अक्षर: ढासळलेल्यासाठी ढ, वाहून आलेल्यासाठी व, दबलेल्यासाठी द. त्या जुन्या विहिरीचा आलेख आता उघडला की खालच्या तीन ठिपक्यांशेजारी १४द, ९द, ११द असं दिसतं. गेल्या महिन्यात माझ्या सहकाऱ्याने नवी विहीर बसवली तेव्हा अक्षरं त्याने स्वतःच भरली होती, आणि एका ठिपक्यापुढे प्रश्नचिन्ह टाकून प्रयोगशाळेकडून तो नमुना परत मागवला होता.